परतीच्या वाटेची चौकशी

एखाद्या संगणकास दोन नेटवर्के जोडलेली आहेत, दोन्ही जोड सुस्थितीत आहेत, बाहेरून आलेली मागणी संगणकापर्यंत पोचत असल्याचे स्पष्ट दिसत आहे, आणि तरीही संगणक त्या मागणीस होकार वा नकार यांपैकी काहीच कळवीत नाही. लिनक्स या संचालन-प्रणालीवर चालणाऱ्या सर्व्हरांच्या बाबतीत हा प्रकार अनेकांच्या अनुभवास येतो. त्याचे कारण बहुधा प्रोग्रामात नसते आणि तारेतही नसते. ते संचालन-प्रणालीच्या मार्गनिर्णयात दडलेले असते.

समजा, अशा सर्व्हरच्या पहिल्या दाराचा पत्ता १९२.०.२.१० व दुसऱ्या दाराचा १९८.५१.१००.१० आहे. (नेटवर्क ज्या ठिकाणी संगणकास मिळते त्या इंटरफेसला येथे दार म्हटले आहे. हे पत्ते केवळ पुस्तकी उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या गटांतील आहेत.) कोणते पॅकेट कोणत्या दाराने बाहेर धाडावयाचे हे कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, मार्गसारणीवरून ठरवितो. गंतव्य पत्त्याच्या आरंभीच्या अधिकात अधिक बिटांशी जी नोंद जुळेल ती ग्राह्य धरली जाते. कोणतीच विशेष नोंद न जुळल्यास पॅकेट सर्वसाधारण वाटेने, म्हणजे डिफॉल्ट रूटने, जाते. ही सर्वसाधारण वाट पहिल्या दारातून आहे असे धरावे. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. मागणी कोणत्या दाराने आत आली याची मार्गसारणी एरव्ही दखल घेत नाही. उत्तर पाठविताना ती केवळ गंतव्य पाहते.

आता २०३.०.११३.२५ या दूरच्या पत्त्यावरून दुसऱ्या दारावर मागणी येते. तपासनीस टीसीपीडम्प हे साधन लावतो, तेव्हा पॅकेट आत येताना दिसते, थोड्या वेळाने तेच पुन्हा येताना दिसते. उत्तर मात्र एकही निघत नाही. याउलट, दुसऱ्या नेटवर्कातील शेजारच्या यंत्राने विचारताच उत्तर तत्काळ मिळते. साहजिकच प्रथम प्रोग्रामावर, मग फायरवॉलवर संशय जातो आणि त्यांत दिवस खर्ची पडतो. टीसीपीडम्प पॅकेट पाहते ते कर्नलच्या मार्गनिर्णयाच्या आधी, ही गोष्ट लक्षात न घेतल्याचा हा परिणाम होय. पॅकेट दिसले याचा अर्थ ते स्वीकारले गेले असा होत नाही.

वस्तुतः कर्नलने येथे एक चौकशी केलेली असते: 'या प्रेषकास उत्तर धाडावयाचे झाल्यास ते याच दाराने जाईल काय?' सारणीनुसार ते पहिल्या दाराने जाणार असते. म्हणून पॅकेट संशयास्पद ठरवून निमूटपणे टाकून दिले जाते. या चौकशीस परतमार्ग-चाळणी, म्हणजे रिव्हर्स पाथ फिल्टर, असे नाव आहे.

ही चाळणी निष्कारण घातलेली नाही. सप्टेंबर १९९६ मध्ये न्यूयॉर्क येथील पॅनिक्स या इंटरनेट-सेवा पुरविणाऱ्या संस्थेवर खोट्या प्रेषक-पत्त्यांच्या पॅकेटांचा भडिमार होऊन तिची सेवा विस्कळीत झाली. अशा खोट्या पत्त्यांची पॅकेटे उगमाजवळच अडवावीत, अशी शिफारस २००० मध्ये आरएफसी २८२७ या लेखात करण्यात आली. ज्याचा पत्ता त्या ठिकाणी संभवतच नाही अशा पॅकेटास या व्यवसायात 'मार्शियन', म्हणजे मंगळवासी, म्हणतात; १९९५ च्या आरएफसी १८१२ या गंभीर लेखातही हा थट्टेचा शब्द आढळतो!

निदान करावयाचे तर तर्क करीत बसण्यापेक्षा कर्नललाच विचारणे श्रेयस्कर. 'आयपी रूट गेट' ही आज्ञा देऊन, प्रेषकाचा पत्ता व आगमनाचे दार सांगितले, की कर्नल आपला निर्णय कळवितो. चाळणीने अडविले असल्यास वाट दाखविण्याऐवजी तो त्रुटीचा संदेश देतो. मंगळवासी पॅकेटांची नोंद ठेवण्याची कळ चालू केल्यास तीच हकीकत प्रणालीच्या नोंदवहीत उमटते. आणखी एक खूण अशी, की फायरवॉलच्या प्रीराउटिंग या पायरीवरील गणक वाढत राहतो, पण इनपुट या पायरीवरील वाढत नाही. पॅकेट या दोहोंच्या मध्ये, म्हणजे मार्गनिर्णयाच्याच ठिकाणी, नाहीसे होत असल्याचा तो पुरावा होय.

चाळणीची मूल्ये तीन: ० म्हणजे बंद, १ म्हणजे कडक, २ म्हणजे सैल. पुष्कळजण दुसऱ्या दारापुरते मूल्य ० करतात, आणि काहीच फरक न पडल्यामुळे चाळणी निर्दोष असल्याचा निष्कर्ष काढतात. हा निष्कर्ष चुकीचा आहे. सर्व दारांसाठीचे मूल्य आणि त्या दाराचे मूल्य यांतील मोठे असेल तेच कर्नल लागू करतो. सर्वांसाठी १ असता एका दारास ० देणे व्यर्थ होय. २ दिल्यास पॅकेट आत येते खरे. पण सर्वसाधारण वाट असलेल्या यंत्रावर जवळजवळ प्रत्येक पत्ता कोणत्या ना कोणत्या दाराने गाठता येत असल्यामुळे सैल चाळणी फारसे काही अडवीत नाही.

शिवाय चाळणी बंद वा सैल केली तरी उत्तर पहिल्याच दाराने, पण दुसऱ्या दाराचा पत्ता मिरवीत, बाहेर पडते. पहिली जोडणी पुरविणाऱ्याने २००० ची ती शिफारस पाळली असेल, तर तो ते पॅकेट खोटे समजून टाकून देतो. मूळचा दोष तसाच राहून केवळ नजरेआड जातो. तेथे तर कर्नललाही विचारण्याची सोय नाही.

म्हणून दुरुस्ती वाटेची करावयास हवी. लिनक्समध्ये एकाहून अधिक मार्गसारण्या ठेवता येतात. दुसरी सारणी तयार करून तिची सर्वसाधारण वाट दुसऱ्या दाराने लावावी, आणि 'ज्या पॅकेटाचा प्रेषक १९८.५१.१००.१० असेल त्याने ही सारणी वापरावी' असा नियम घालावा. चौकशी करताना कर्नल भावी उत्तराचा प्रेषक म्हणून हाच पत्ता धरतो. त्यामुळे नियम तेथेही लागू पडतो आणि चाळणीचे मूल्य १ असतानाही पॅकेट आत घेतले जाते. यानंतर 'आयपी रूट गेट' पुन्हा विचारून पाहावे: दूरच्या पत्त्यास द्यावयाच्या उत्तरासाठी, प्रेषक १९८.५१.१००.१० दिला असता, आता दुसऱ्या दाराचे नाव येते.