एकच पोथी, निराळे वाचन : जनुकांचे नियमन आणि रक्तवाहिन्यांचे विकार

चेन्नई शहरातील दोन वसाहतींत, एक मध्यम उत्पन्नाच्या व दुसरी अल्प उत्पन्नाच्या लोकांच्या, हृदयविकाराची पाहणी करण्यात आली. वीस वर्षे व त्याहून अधिक वयाच्या १,२६२ रहिवाशांनी तीत भाग घेतला. मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनच्या संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांचा विकार शेकडा ११ जणांत आढळला. ज्यांच्या रक्तातील साखर प्राकृत होती त्यांच्यात हे प्रमाण शेकडा ९.१ होते, मधुमेही लोकांत ते २१.४ भरले. रक्तातील साखर रोहिणीला नेमकी कोणत्या मार्गाने अपाय करते, हा प्रश्न येथे उभा राहतो. त्याच्या उत्तराचा एक धागा जनुकांच्या नियमनात सापडतो.

आनुवंशिक गुणांचे मूळ द्रव्य म्हणजे डीएनए. शरीरातील बहुतेक प्रत्येक पेशीत त्याचा सुमारे दोन मीटर लांबीचा धागा असतो आणि त्यावर प्रथिने घडविणारी सुमारे २०,००० जनुके असतात. ही पोथी सर्व पेशींत एकच. परंतु हृदयाची पेशी तिच्यातील काही अध्याय वाचते, तर यकृताची पेशी निराळे अध्याय वाचते. कोणता अध्याय उघडावा व कोणता मिटलेला ठेवावा, हे ठरविण्यात काही रासायनिक खुणांचा मोठा वाटा असतो. डीएनएवर ठरावीक जागी मेथिल नावाचा लहानसा गट चिकटला की तेथील जनुक बहुधा मूक होते. डीएनएचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. त्या प्रथिनांवरील खुणांनुसार ही गुंडाळी सैल होते किंवा घट्ट होते. मूळ अक्षरे न बदलता वाचन बदलणाऱ्या अशा खुणांच्या अभ्यासास अधिजनुकशास्त्र म्हणतात.

रोहिणीच्या आतील बाजूस पेशींचा एकेरी थर असतो. रक्त संथपणे व एका दिशेने वाहत असता या पेशी नायट्रिक ऑक्साइड निर्माण करतात. त्यायोगे रोहिणी शिथिल राहते. जेथे रोहिणीला फाटे फुटतात तेथे प्रवाह विस्कळीत होतो. अशा ठिकाणी काही संरक्षक जनुकांवर मेथिलच्या खुणा वाढतात व ती जनुके मंदावतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसून आले आहे. चरबीचे थर प्रथम धरतात तेही बहुधा अशाच जागी.

साखरेच्या बाबतीत मेलबर्न येथील संशोधकांचा २००८ सालचा प्रयोग उद्‌बोधक आहे. त्यांनी मानवी महारोहिणीच्या अंतःस्तरातील पेशी सोळा तास अतिशर्करेत ठेवल्या व नंतर त्यांना प्राकृत शर्करा दिली. तथापि, दाह चेतविणाऱ्या एका जनुकाचे वाढलेले कार्य पुढे सहा दिवस तसेच राहिले, आणि त्याच्या हिस्टोनांवरील खुणाही टिकून राहिल्या. साखर उतरली, पण पेशीला तिचा विसर पडला नाही! मधुमेहावर आरंभापासूनच नियंत्रण ठेवणे का हिताचे, याचे एक कारण यातून कळते. चेन्नईच्या पाहणीत अशा खुणा मोजलेल्या नव्हत्या. त्यामुळे तेथील विकारात त्यांचा वाटा किती, हे तीवरून सांगता येणार नाही.

आयुष्याचा आरंभही येथे महत्त्वाचा ठरतो. म्हैसूर येथील एका रुग्णालयात १९३४ ते १९५४ या काळात जन्मलेल्या व्यक्तींची पुढे प्रौढपणी तपासणी झाली. जन्मवेळी ज्यांचे वजन अडीच किलोग्रॅम वा त्याहून कमी होते, त्यांच्यात रोहिणीविकार शेकडा ११ आढळला. तीन किलोग्रॅमहून अधिक वजनाच्यांत तो शेकडा ३ होता. गर्भावस्थेतील पोषणाचे परिणाम इतकी वर्षे कसे टिकतात, याचे स्पष्टीकरण अधिजनुकीय खुणांतून मिळण्याची शक्यता संशोधक पडताळून पाहत आहेत.

या खुणा सर्वस्वी अटळ नसतात. धूम्रपानामुळे रक्तपेशींच्या डीएनएवर उमटलेल्या बदलांपैकी पुष्कळसे, व्यसन सोडल्यावर काही वर्षांत मावळू लागतात. काही मात्र दीर्घकाळ राहतात. आईबापांकडून आलेली जनुके कोणास निवडता येत नाहीत. परंतु गर्भवतीचा आहार, तंबाखूचा त्याग आणि साखरेवर वेळीच ठेवलेला ताबा या गोष्टी कुटुंबाच्या व समाजाच्या हाती आहेत, आणि जनुकांचे वाचन पुष्कळ अंशी त्यांवरही अवलंबून असते.