ताटातले कच्चे, रानातले कच्चे

पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी हे तालुके महाराष्ट्राच्या किनारपट्टीच्या उत्तर टोकाला, गुजरातच्या सीमेला लागून असल्यामुळे तेथे वारली, कोकणा, मल्हार कोळी, धोडी या आदिवासी समाजांची, किनाऱ्यावरील मच्छीमारांची आणि गुजराती, पारशी व इराणी कुटुंबांची खाण्यापिण्याची रीत शेजारी शेजारी नांदते. डहाणू तालुक्यातील विवळवेढे हे गाव महालक्ष्मीच्या देवस्थानामुळे सर्वदूर परिचित आहे आणि मुंबई-अहमदाबाद महामार्ग त्याच्या जवळून जातो, त्यामुळे घरची नागलीची भाकर, चैत्र पौर्णिमेपासून भरणाऱ्या यात्रेतील गरम भजी आणि महामार्गावरील हॉटेलातले ‘ग्रीन सॅलड’ ही तिन्ही या परिसरात हाकेच्या अंतरावर मिळतात. आहारतज्ज्ञांच्या तक्त्यात सॅलडसाठी हल्ली स्वतंत्र रकाना असतो. वारली घरातील रोजचे ताट त्या तक्त्याशी ताडून पाहिले तर हा रकाना बहुधा कोराच राहतो, आणि येथील लोकांना कच्चे खाण्याची सवय नाही असा निष्कर्ष सहज काढला जातो. तो निष्कर्ष कितपत टिकतो हे पाहण्यासाठी आधी सॅलड म्हणून कोठे काय खाल्ले जाते, याचा विचार करावा लागतो.

महामार्गावरच्या ढाब्यात ग्रीन सॅलड मागवले की काकडी, टोमॅटो, कांदा, गाजर आणि बीट यांच्या चकत्या, कडेला लिंबाची फोड आणि एखादी हिरवी मिरची अशी बशी पुढ्यात येते. युरोपात ज्याला ड्रेसिंग म्हणतात, म्हणजे तेल, व्हिनेगर, मीठ, मोहरी यांचे फेटलेले मिश्रण, त्याचा येथे मागमूस नसतो आणि हिरवी पानेही नसतात, त्यामुळे फ्रान्समधल्या माणसाला ही बशी सॅलडची पूर्वतयारीच वाटेल. मराठी गिऱ्हाईक मात्र त्यावर मीठ भुरभुरतो, लिंबू पिळतो आणि दोन घासांमध्ये एकेक चकती उचलतो. त्याच्या लेखी ते स्वतंत्र खाद्य नसून तोंडीलावणे असते.

तोंडीलावणे ही मराठी जेवणातील एक पक्की व्यवस्था आहे. पारंपरिक पानात मीठ, लिंबू, चटणी, लोणचे आणि कोशिंबीर डाव्या बाजूला, तर भाजी, आमटी यांसारखे भरपूर खायचे पदार्थ उजव्या बाजूला वाढले जातात, आणि डावीकडचे पदार्थ थोडेथोडे घेऊन उजवीकडच्या अन्नाला चव आणायची असते. काकडीची कोशिंबीर करताना काकडी हातात धरून सुरीने किंवा विळीवर उभे-आडवे बारीक घाव घालून कोचवतात, तिला सुटलेले पाणी हलकेच पिळून काढतात, मग दाण्याचे कूट, ओले खोबरे, कोथिंबीर आणि दही किंवा लिंबू घालून वरून मोहरी, हिंग व मिरचीची खमंग फोडणी देतात. मीठ घालायचे ते अगदी वाढण्याच्या वेळी, कारण ते पेशींमधील पाणी बाहेर ओढून घेते आणि आधी घातले तर कोशिंबिरीचे पळीवाढे कालवण होते. कमलाबाई ओगले यांच्या 1970 साली प्रसिद्ध झालेल्या ‘रुचिरा’ने पुढे मराठी घराघरांत पोहोचवलेल्या स्वयंपाकातही कोशिंबिरीचे काम हेच आहे. शिवाय कोशिंबीर कच्चीच असते असेही नाही. उकडलेल्या बटाट्याची किंवा बिटाची कोशिंबीर आणि भाजलेल्या वांग्याचे दह्यातले भरीत ही त्याच बाजूची मंडळी आहेत.

सीमेपलीकडच्या आणि शेजारच्या स्वयंपाकघरांत या बाजूची आणखी रूपे दिसतात. डहाणू, घोलवड आणि बोर्डी या पट्ट्यात चिकूच्या वाड्या वाढवणाऱ्या पारशी व इराणी कुटुंबांपैकी पारशी घरांत धानसाकबरोबर कचुंबर लागतेच. बारीक चिरलेला कांदा, टोमॅटो, काकडी आणि मिरची यांवर उसाचा सिरका घातलेले हे मिश्रण डाळ-मांसाच्या जड कालवणाला उतारा म्हणून खाल्ले जाते. गुजराती फाफडा-गाठियाबरोबर मिळणारा संभारो म्हणजे कच्च्या पपईचा किंवा कोबीचा कीस आणि मिरच्या, हळद-मोहरीच्या फोडणीत जेमतेम परतलेल्या. तो धड कच्चाही नाही आणि धड शिजलेलाही नाही. लग्नाच्या पंगतीत ‘फ्रूट सॅलड’ या नावाने वाढले जाते ते तर गोड दुधात किंवा कस्टर्डमध्ये फळांचे तुकडे घालून केलेले, पुरीबरोबर खायचे पक्वान्न असते आणि त्याची गणना बासुंदी-श्रीखंडाच्या ओळीत होते.

जगाच्या पाठीवरही याहून वेगळे चित्र नाही. अमेरिकेत उकडलेल्या बटाट्यांना मेयोनेझ लावले की ते पोटॅटो सॅलड होते आणि जिलेटिनमध्ये गोठवलेली फळे-भाज्याही सॅलडमध्ये मोडतात. 1860 च्या दशकात मॉस्कोच्या हर्मिटेज रेस्तराँतून गाजलेल्या ऑलिव्हिए सॅलडमध्ये मांसालाही जागा होती. थायलंडचे सोम तम कच्ची पपई खलबत्त्यात ठेचून करतात, तर म्यानमारमध्ये आंबवलेल्या चहाच्या पानांत शेंगदाणे व तळलेली कडधान्ये मिसळतात. अमेरिकेत सॅलड बहुधा जेवणाच्या आरंभी येते, फ्रान्सच्या परंपरागत जेवणात मुख्य पदार्थानंतर येते आणि मराठी पानात ते शेवटच्या घासापर्यंत सोबत असते. या सर्वांमध्ये समान असा एकही जिन्नस नाही. कच्चेपणा, पाने, थंडपणा किंवा आंबटपणा यांपैकी कोणतीही अट सर्वत्र पाळली जात नाही. जवळपास सगळीकडे सारखे आहे ते काम: भात, भाकरी, पाव किंवा मांस यांचा एकसुरीपणा आंबट, तिखट वा करकरीत चवीने मोडणे.

या कसोटीवर विवळवेढ्याच्या परिसरातील वारली जेवण लावून पाहिले, की कोरा वाटणारा रकाना भरलेला आढळतो. भात किंवा तांदळाची अथवा नागलीची भाकर, सोबत उडदाची वा तुरीची आमटी किंवा हंगामातली रानभाजी असे हे जेवण असते, आणि नागलीची अंबील किंवा तांदळाची पेज न्याहारीला चालते. त्यात चव आणण्याचे काम सुक्या मिरचीची चटणी, भाजलेला सुका जवळा किंवा बोंबील, खुरासणीची चटणी आणि हाताने फोडलेला कांदा करतो. येथे तोंडीलावणे आहे, पण कांदा सोडला तर ते कच्च्या भाज्यांचे नाही, कारण पावसाळ्यातील ज्या पानांवर व कंदांवर हे जेवण उभे असते, त्यांतील बरेच कच्चे खाण्याजोगे नसतात.

पहिल्या पावसाच्या सुमारास उगवणारी शेवळे हे त्याचे ठळक उदाहरण आहे. सुरणाच्या कुळातील या वनस्पतीत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात आणि ते जिभेला व घशाला टोचल्याने खाज सुटते. म्हणून शेवळे सोलून आतला पिवळसर भाग काढून टाकतात, उरलेले बारीक चिरतात आणि शिजवताना काकड नावाच्या झाडाची आंबट फळे किंवा चिंच घालतात. कडूकंदाचे तर काप करून ते पुन्हा पुन्हा उकळतात, पाणी टाकून देतात किंवा वाहत्या पाण्यात ठेवतात, तेव्हा कुठे त्याचा कडवटपणा जातो. रानातले काय कच्चे खावे आणि काय शिजवल्याशिवाय तोंडात घालू नये, हे ज्ञान या समाजांनी पिढ्यानपिढ्या जपले आहे, आणि टाकळा, कुरडू, तेरा या पानांची भाजी शिजवूनच खाण्यामागेही तोच अनुभव आहे.

याचा अर्थ कच्चे खाणे नाही असा होत नाही; ते ताटात येत नाही, एवढेच. मार्च ते मे या काळात ताडगोळे, कैऱ्या आणि करवंदे, पावसाच्या तोंडावर जांभळे, श्रावण-भाद्रपदात शेताच्या बांधावरची आणि परसातली काकडी, थंडीत बोरे व आवळे, त्यानंतर चिंच असा हा क्रम वर्षभर चालतो. बांधावर वेलीवरून तोडलेली काकडी मीठ-मिरची लावून कामाच्या मध्ये खाल्ली जाते, गुरे राखणारी मुले करवंदांनी ओंजळ भरतात आणि घरी येईपर्यंत त्यातले काहीच उरत नाही. शहरी जेवणातल्या सॅलडने चव पालटणे आणि कच्च्या भाज्या-फळे पोटात जाणे ही दोन कामे एका बशीत आणली आहेत. येथे पहिले काम चटणी आणि सुकी मासळी जेवणात करते, दुसरे काम मधल्या वेळी रानात आणि शेतात पार पडते.

पोषणाच्या दृष्टीने ही विभागणी गैरसोयीची नाही. क जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होते, त्यामुळे आवळा, बोर, करवंद यांसारखी फळे कच्ची खाण्यातच लाभ असतो. उलट पालेभाज्यांतील कॅरोटीन, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते, ते थोड्या तेलात शिजवल्यावर अधिक चांगले शोषले जाते, आणि पाने उकळून पाणी टाकल्याने ऑक्झलेटही कमी होते. नागलीत 100 ग्रॅममागे सुमारे 350 मिलीग्रॅम कॅल्शियम असते आणि पालेभाज्यांत लोह असते. त्या लोहाच्या शोषणाला आंबट फळांतील क जीवनसत्त्व मदत करते, मात्र त्यासाठी ते जेवणाच्या वेळीच पोटात जावे लागते, म्हणून चिंच-लिंबू ताटात असणे हिताचे ठरते.

जागतिक आरोग्य संघटना बटाटा व तत्सम पिठूळ कंद वगळून दररोज किमान 400 ग्रॅम फळे व भाज्या खाण्याची शिफारस करते आणि त्या कच्च्या असाव्यात असे बंधन घालत नाही. महाराष्ट्र शासनाने 2015 साली आदिवासी भागातील गर्भवती व स्तनदा मातांना एक वेळचे चौरस जेवण देण्यासाठी सुरू केलेल्या अमृत आहार योजनेत भात, भाकरी-चपाती, डाळ, पालेभाजी, अंडी किंवा केळी अशा पदार्थांचा समावेश आहे; स्थानिक रानभाज्यांना आणि हंगामी फळांना अशा जेवणात जागा मिळाली तर त्याची उपयुक्तता वाढेल. आहार-सर्वेक्षणात गेल्या 24 तासांत काय खाल्ले हे विचारण्याची पद्धत रूढ आहे, पण उत्तर देणारी व्यक्ती सहसा जेवणाचे पदार्थ सांगते आणि वाटेत खाल्लेली करवंदे किंवा बांधावरची काकडी तिच्या लेखी खाणेच नसल्यामुळे सांगायची राहून जाते.

म्हणून या भागात काम करणाऱ्या अंगणवाडी सेविकांनी, शिक्षकांनी आणि आहारतज्ज्ञांनी ताटात सॅलड आहे का, एवढाच प्रश्न विचारून थांबू नये. शेतात जाता-येता काय तोडून खाल्ले आणि या महिन्यात रानात काय पिकले आहे, हेही विचारावे आणि नोंद वर्षाच्या निरनिराळ्या हंगामांत घ्यावी. गाजर-बिटाच्या चकत्या विकत आणण्याचा सल्ला देण्याआधी परसातल्या काकडीच्या वेलाला, बांधावरच्या बोरी-आवळीला आणि करवंदीच्या जाळ्यांना जपण्याचा सल्ला देणे अधिक स्वस्त, आणि येथील माणसांना अधिक पटणारे आहे.