पंच नसलेले कोर्ट

कॅडेट मित्रांनो, २०२५ पासून विम्बल्डनमध्ये रेषांवरचे पंच दिसेनासे झाले. चेंडू आत की बाहेर, हे आता कॅमेरे आणि संगणक सांगतात. पण जगात रोज जे टेनिस खेळले जाते, त्यातल्या बहुतेक सामन्यांना कॅमेराही नसतो आणि पंचही नसतो. शहरातल्या बागेत एखादे सार्वजनिक कोर्ट असते, मध्ये जाळे असते आणि दोन खेळाडू असतात. मग निर्णय कोण देतो? ज्याच्या बाजूला चेंडू पडला, तो स्वतः!

अमेरिकेतल्या शहरांत अशी कोर्टे जुन्या काळापासून आहेत. न्यूयॉर्कच्या एकट्या सेंट्रल पार्कमध्ये ३० कोर्टे आहेत. तिथे क्लबचे सभासदत्व लागत नाही. हंगामाचा परवाना किंवा एका वेळेचे तिकीट काढले की खेळता येते. माप मात्र तेच, जे विम्बल्डनला असते: लांबी २३.७७ मीटर, एकेरीसाठी रुंदी ८.२३ मीटर, दुहेरीसाठी १०.९७ मीटर आणि जाळ्याची मध्यावरची उंची ०.९१४ मीटर.

कोर्ट सर्वांचे असल्याने ते वाटून घ्यावे लागते. पुढचे लोक थांबलेले असतील तर ठरलेली वेळ संपताच कोर्ट सोडायचे, मग सेट कितीही रंगात आलेला असो. शेजारच्या कोर्टावर गुण चालू असताना त्यांच्या मागून चालत जायचे नाही. आपला चेंडू तिकडे गेला तर त्यांचा गुण संपेपर्यंत थांबायचे. त्यांचा चेंडू आपल्या कोर्टात आला तर खेळ थांबवून तो गुण पुन्हा खेळायचा आणि चेंडू त्यांच्याकडे नीट परत द्यायचा.

पंचाशिवाय खेळण्याचे नियमही थोडकेच आहेत. आपल्या बाजूच्या रेषांचा निर्णय आपण द्यायचा. चेंडूचा थोडासा भाग रेषेला लागला तरी तो आत. बाहेर असेल तर लगेच आणि मोठ्याने सांगायचे. आधी फटका मारून, तो चुकल्यावर ‘आऊट’ म्हणायचे नाही. सर्व्हिस करणाऱ्याने प्रत्येक गुणाआधी गुणसंख्या मोठ्याने सांगायची, म्हणजे पुढे वाद होत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा की शंका असेल तर चेंडू आत, म्हणजे संशयाचा फायदा समोरच्याला.

हा शेवटचा नियम वाचायला सोपा वाटतो. पण गुणसंख्या ३०-४० आहे, चेंडू मागच्या रेषेजवळ पडला, आपल्याला तो नीट दिसला नाही आणि पाहणारे दुसरे कोणीच नाही, अशा वेळी तोंडातून ‘आऊट’ न निघू देणे अवघड असते.

अशाच बागेतल्या एका मुलाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. आर्थर अ‍ॅश याचा जन्म १९४३ मध्ये व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंड शहरात झाला. त्याचे वडील ब्रूक फील्ड नावाच्या बागेची देखरेख करत आणि कुटुंबाचे घर बागेतच होते. घराबाहेर पाऊल टाकले की टेनिस कोर्ट! रॉन चॅरिटी नावाच्या तरुण खेळाडूने त्याला तिथेच पहिले धडे दिले. पण ही बाग फक्त कृष्णवर्णीयांसाठी होती. गोऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या बर्ड पार्कच्या कोर्टांवर आर्थरला खेळता येत नसे. कोर्टे सार्वजनिकच होती, पण त्यांचे दार सर्वांना उघडे नव्हते.

पुढे लिंचबर्गच्या डॉ. रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन यांनी त्याला घडवले. त्यांची शिकवण कडक होती. रेषेच्या बाहेर दोन इंचांपर्यंत पडलेला चेंडूसुद्धा आत समजून परतवायचा आणि निर्णयावर कधी वाद घालायचा नाही. कारण उघड होते. कृष्णवर्णीय मुलाने एका चेंडूवरून हुज्जत घातली असती, तर तेवढ्या निमित्तानेही त्याला स्पर्धेबाहेर ठेवले गेले असते. एकाच्याच माथी मारलेला असा नियम न्यायाचा नव्हे, हे विसरता कामा नये. बागेतल्या कोर्टाचा नियम दोघांना सारखाच लागू असतो, यातच त्याचा मोठेपणा आहे. पण त्या अन्यायातूनही आर्थरने जी शांत वृत्ती कमावली, ती जन्मभर त्याची ओळख ठरली.

विद्यापीठात लष्करी प्रशिक्षण घेऊन अ‍ॅश अमेरिकन सैन्यात अधिकारी झाले. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत नेमणूक असताना ते कार्यालयीन काम करत आणि तिथल्या टेनिसची जबाबदारीही सांभाळत. १९६८ मध्ये लेफ्टनंट अ‍ॅश यांनी पहिली यू.एस. ओपन स्पर्धा जिंकली. अंतिम सामन्यात त्यांनी नेदरलँड्सच्या टॉम ओक्करला पाच सेटमध्ये हरवले. हौशी खेळाडू असल्याने विजेत्याचे १४,००० डॉलर त्यांना घेता आले नाहीत. ते ओक्करला मिळाले. १९७५ मध्ये त्यांनी जिमी कॉनर्सला हरवून विम्बल्डनही जिंकले.

१९६८ ची ती स्पर्धा फॉरेस्ट हिल्सच्या एका खासगी क्लबात झाली होती. १९७८ मध्ये यू.एस. ओपन न्यूयॉर्कच्या फ्लशिंग मेडोज या सार्वजनिक बागेत आली. तिथल्या मुख्य स्टेडियमला १९९७ पासून आर्थर अ‍ॅश यांचे नाव आहे. संपूर्ण संकुल ज्यांच्या नावाने ओळखले जाते, त्या बिली जीन किंग यासुद्धा कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच शहरात सार्वजनिक कोर्टांवरच टेनिस शिकल्या. स्पर्धेचा काळ सोडला तर या संकुलातल्या कोर्टांवर सामान्य माणूसही पैसे भरून खेळू शकतो.

पालकांनी सुट्टीत मुलांना जवळच्या सार्वजनिक कोर्टावर जरूर न्यावे. महागडी रॅकेट नसली तरी चालेल. परत आल्यावर मात्र ‘जिंकलास का?’ याच्याआधी ‘शंकेचे चेंडू कोणाला दिलेस?’ हे विचारावे.

आणि मित्रांनो, उद्या आपल्यापैकी कोणी एकटाच पहाऱ्यावर उभा असेल, कोणी भांडाराचा हिशोब लिहीत असेल, कोणी घडलेल्या चुकीचा अहवाल देत असेल. तिथेही रेषेवर पंच नसणार. निर्णय आपल्यालाच द्यायचा असेल आणि समोरचा आपल्या शब्दावर विश्वास ठेवील. त्याचा सराव आज संध्याकाळी खेळाच्या तासालाच सुरू करता येईल. चेंडू नीट दिसला नाही? मग तो आत होता. गुण समोरच्याचा.