मुळांचा शोध : परदेशातून येणारी पत्रे आणि आपल्या जुन्या नोंदवह्या



आपल्या कार्यालयात वर्षाकाठी दोन-तीन पत्रे अशी येतात की त्यांचा देणगीशी काही संबंध नसतो. लिहिणाऱ्याचे नाव स्वीडिश किंवा डच असते, सोबतच्या फोटोतला चेहरा मात्र आपल्याकडचा. ‘माझा जन्म तुमच्या भागातला, असे कागदावर आहे. माझ्या आईविषयी काही कळेल का?’ एवढेच विचारणे. या पत्रांचे पुढे काय होते, असे मंडळीतल्या काहींनी विचारले, म्हणून हे लिहीत आहे.

१९७० नंतरच्या दोन-तीन दशकांत भारतातून हजारो मुले युरोप-अमेरिकेत दत्तक गेली. परदेशी जोडप्यांना इथे दत्तक घेता येत नसे. १८९०च्या पालक व पाल्य कायद्याखाली न्यायालय त्यांना पालक नेमी आणि दत्तकविधान त्यांच्या देशात होई. (आपल्या ख्रिस्ती कुटुंबांनाही अनेक वर्षे याच कायद्याचा आधार घ्यावा लागला, हे जुन्या मंडळींना आठवत असेल.) १९८४ साली लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या व्यवहाराला पहिल्यांदा नीट नियम घालून दिले. त्याआधीचे कागद कसे असत, याची कल्पना स्वित्झर्लंडमधल्या एका अभ्यासावरून येते. १९७३ ते २००२ या काळात भारतातून दोन हजारांहून अधिक मुले त्या देशात गेली. झुरिच आणि थुरगाव या प्रांतांनी त्यांच्याकडच्या फायली इतिहासकारांकडून तपासून घेतल्या, तेव्हा जन्मदात्या आईची संमतीच त्यांत मिळेना. अहवालाचे नावच ‘आई अज्ञात’ असे आहे.

म्हणून शोधाची सुरुवात कागदापासूनच करावी लागते. न्यायालयाचा आदेश, मुलाचा अहवाल, आईने मूल सोपवल्याचा लेख, संस्थेचे नाव : यांतले जे हाती असेल ते घेऊन माणूस केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे, म्हणजे ‘कारा’कडे अर्ज करतो. वय अठराच्या पुढे असेल तर स्वतः, खाली असेल तर दत्तक आईवडिलांसोबत. तिथून विचारणा राज्याच्या यंत्रणेकडे, जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे आणि मूळ संस्थेकडे जाते. संस्था बंद पडलेली असली की वर्षे जातात.

आणि आपला भाग आला की गुंता आणखी वाढतो. कागदावर जिल्हा धुळे असतो, पण १९९८ पासून ते गाव नंदुरबारमध्ये असते. ठाण्याचे पालघर २०१४ साली झाले. आडनाव पाडवी, वळवी किंवा पावरा. म्हणजे निम्मा तालुका. आईचे नाव बुधी किंवा सोमी, कारण ती त्या वारी जन्मली. पाड्याचे नाव कारकुनाने ऐकले तसे लिहिलेले. कधी तर गावच उरलेले नसते. सरदार सरोवराच्या पाण्यात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे सापडली, आणि तिथली कितीतरी घरे तळोदा-शहाद्याकडच्या वसाहतींत विखुरली. अशा वेळी कुळाचे नाव किंवा मामाचे गाव कुठे लिहिलेले सापडले तर तेच खरे कामाला येते.

हल्ली बरेच जण थुंकीचा नमुना देऊन डीएनए तपासणी करतात. त्यावर मी फार भरवसा ठेवत नाही. जुळणी होण्यासाठी समोरच्याचाही नमुना त्या कंपनीकडे असावा लागतो, आणि सातपुड्यातल्या कोणत्या आजीने तो दिला असणार? बहुतेकांना दूरचे कोणी भाऊबंद मिळतात, तेही पुष्कळदा दत्तक गेलेलेच.

आता आपल्या लोकांसाठी महत्त्वाचे. पत्राची गोष्ट निघाली की कोणी तरी हमखास म्हणतो, ‘फोटो द्या दादा, मी पाड्यावर विचारून येतो.’ हे करू नका. त्रयस्थाने असा शोध घेण्यास दत्तक नियमावलीत मनाई आहे, आणि ती मला योग्य वाटते. लग्नाआधी मूल झालेली ती मुलगी आज नातवंडांची आजी असेल. घरात कोणाला काही ठाऊक नसेल. आमच्या ओळखीच्या एका गावात असाच एक उत्साही माणूस फोटो घेऊन घरोघर फिरला. त्यानंतर एका म्हाताऱ्या बाईने आठवड्याच्या बाजाराला येणेच सोडले. ती आई होती की नव्हती, हे आजही कोणाला माहीत नाही; पण पंचांत तिचे नाव झाले ते झालेच.

आईने नाव गुप्त ठेवायला सांगितले असेल, तर नियमाप्रमाणे आधी तिची लेखी संमती लागते. ती नाही म्हणाली किंवा सापडली नाही, तरी दत्तक गेलेल्याला मूल कोणत्या परिस्थितीत सोपवले गेले ते सांगितले जाते. टाकून दिलेल्या किंवा अनाथ मुलांना ते संस्थेत कसे आले, एवढे कळू शकते. हे थोडके वाटेल. पण एका बाईंनी मला लिहिले होते की आपल्याला कोणी तरी फेकून दिले, असेच त्या आयुष्यभर धरून चालल्या होत्या. फाइल मिळाली तेव्हा कळले, की आई बाळाला पाहायला दोनदा परत आली होती. आई भेटली नाही. तरी त्या ओळीची नक्कल त्यांनी घरात लावून ठेवली आहे. मोशेची पेटी लव्हाळ्यात ठेवली तेव्हा बहीण दुरून पाहत उभी होती; या लोकांसाठी तसे उभे राहणारे कोणी असलेच, तर ते एखादे पिवळे पान असते.

अशी पाने आपल्याकडे आहेत. बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या, वसतिगृहाची हजेरीपुस्तके, बंद पडलेल्या दवाखान्यांतल्या बाळंतपणाच्या वह्या. सरकारी दाखला नसलेल्या मुलाचा जन्म पुष्कळदा तेवढ्याच जागी लिहिलेला असतो. पाळकांना आणि वसतिगृह अधीक्षकांना विनंती, की साफसफाईत या वह्या रद्दीत घालू नका, वाळवीपासून उंच फडताळात ठेवा, आणि कोणतेही पान मोबाइलवर टिपून गटांवर पाठवू नका. कोणाचे पत्र आले तर त्यातले नाव कोणाला न सांगता बंद पाकिटात कार्यालयाकडे द्या. आम्ही लिहिणाऱ्याला ‘कारा’कडे अर्ज करायला सांगतो, आणि जिल्हा कक्षाने लेखी विचारल्यावरच वही उघडतो.