मुक्त म्हणजे फुकट नव्हे

सामायिक विहिरीचे पाणी पाळीने घ्यावे, पण विहिरीला कुलूप लावू नये, हा आपल्या खेड्यांतील जुना व्यवहार आहे. पाण्याला पैसे पडत नाहीत, म्हणून विहीर काही पाणी घेणाऱ्याच्या मालकीची होत नाही. हा साधा नियम मुळशी तालुक्यातीलच हिंजवडीच्या संगणक वसाहतीत नोकरीची स्वप्ने पाहणाऱ्या तरुणांना मात्र नव्याने सांगावा लागतो. 'ओपन सोर्स' म्हणजे काय, असे विचारले की आमचे विद्यार्थी बिनदिक्कत 'फुकट' असे उत्तर देतात. मराठीत 'मुक्त' आणि 'फुकट' असे दोन स्वतंत्र शब्द असताना हा घोटाळा व्हावा, हे खेदजनक आहे.

हा भेद समजण्यासाठी एका वरकरणी क्षुल्लक धंद्याचे उदाहरण घेऊ. 1980 व 1990 च्या दशकांत डॉस प्रणालीवर चालणारे अनेक संगणकीय खेळ निघाले. आजच्या संगणकावर ते थेट चालत नाहीत. तरीही स्टीम, गॉग यांसारख्या डिजिटल दुकानांतून त्यांची विक्री होते, कारण 'डॉसबॉक्स' ही आज्ञावली जुन्या संगणकाची हुबेहूब नक्कल करते. 'स्कमव्हीएम' ही दुसरी आज्ञावली जुन्या साहसखेळांना असेच नवे आयुष्य देते. दोन्ही स्वयंसेवकांच्या श्रमातून उभ्या राहिल्या आहेत. खेळ कंपनीचा खरा. पण तो आज चालतो तो परक्यांच्या श्रमावर. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर विक्रीस योग्य अशा या मालात एक उत्पादन-घटक असा आहे, की ज्याला बाजारात किंमत नाही.

किंमत नाही, पण अट आहे. अशा आज्ञावली 'जनरल पब्लिक लायसन्स' या परवान्याखाली दिल्या जातात. त्याची 1991 ची दुसरी आवृत्ती विक्रीला मनाई करीत नाही. विक्रेत्याने हवे ते मोल घ्यावे. मात्र परवान्याची प्रत व कर्त्यांचे हक्कनिवेदन सोबत द्यावे. वापरलेल्या आवृत्तीची मूळ संहिता, स्वतः केलेल्या फेरफारांसह, द्यावी किंवा ती देण्याची निदान तीन वर्षांची लेखी हमी द्यावी. आणि ग्राहकाच्या हक्कांवर नवी बंधने लादू नयेत. या अटी मोडणाऱ्याचा परवाना आपोआप संपुष्टात येतो.

यामुळे कंपनीचा खेळच लोकांच्या मालकीचा होईल, अशी भीती व्यक्त होते. ती बहुतांशी अनाठायी आहे. चालविणारे यंत्र वेगळे, खेळातील चित्रे, ध्वनी व कथा वेगळी. इड सॉफ्टवेअरने 'डूम' या खेळाची संहिता 1997 मध्ये खुली केली आणि 1999 मध्ये ती या परवान्याखाली आणली. पण त्यातील चित्रे व नकाशे यांवरील हक्क कंपनीकडेच राहिले. याच कंपनीचे जुने खेळ 2007 मध्ये स्टीमवर आले, तेव्हा डॉसबॉक्सच्या अटींची पूर्तता झाली नव्हती. ती चूक निदर्शनास येताच तत्परतेने दुरुस्त झाली. 'वी' यंत्रासाठी काढलेल्या मुलांच्या काही खेळांत स्कमव्हीएम परवान्याविना वापरल्याचा वाद मात्र 2009 मध्ये तडजोडीने मिटवावा लागला. क्वचित दुकानाचे नियमच परवान्याशी विसंगत असतात. 2010 मध्ये 'ग्नू गो' हा खेळ ॲपलने याच कारणावरून आपल्या दुकानातून काढून टाकला. नियम बदलले नाहीत.

या अटी म्हणजे केवळ सदिच्छा नव्हेत. म्युनिकच्या न्यायालयाने 2004 मध्ये हा परवाना बंधनकारक मानला. आपल्याकडेही 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1984 च्या दुरुस्तीने आज्ञावलीला साहित्यकृतीचे संरक्षण मिळाले आहे. शिवाय संहिता उपलब्ध करून देण्यास खर्च तो कितीसा? नक्कल करण्याचा सीमान्त खर्च जवळजवळ शून्य आहे. कमी पडते ती नोंद ठेवण्याची शिस्त.

मुळशीला या प्रश्नाचे मर्म परके वाटू नये. 1921 मध्ये येथे धरणासाठी जमिनी जाऊ लागल्या, तेव्हा शेतकरी सत्याग्रहास उभे राहिले. सेनापती बापट त्या लढ्याचे अग्रणी ठरले. जमीन पाण्याखाली गेली आणि वीज मुंबईला. तेथे मालकाची संमतीच विचारात घेतली गेली नव्हती. येथे कर्त्यांनी संमती आपण होऊन दिली आहे, परंतु सशर्त दिली आहे. शर्त मोडली की संमतीही उरत नाही, आणि मग उरते ते केवळ बळकावणे.

म्हणून ही शिकवण कंपनीच्या कायदा विभागावर सोपवून भागणार नाही. ती महाविद्यालयातच मिळाली पाहिजे. विद्यार्थ्याने आपल्या प्रकल्पात दुसऱ्याची संहिता घेतली, तर ती कोणाची व कोणत्या अटीवर, हे पहिल्याच पानावर लिहावे, आणि आम्ही शिक्षकांनी ते पान पाहिल्याखेरीज गुण देऊ नयेत. पाणी शेंदताना विहीर कोणी खणली हे आठवण्याची सवय लहानपणीच लागते. मोठेपणी ती लावणे महाग पडते.