जर्मनीतील धूम्रपानविरोधी संशोधन

धूम्रपानाने फुप्फुसांचा कर्करोग होतो, हे १९५० साली इंग्लंड-अमेरिकेतील संशोधकांनी दाखविले, असे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. ते चूक नव्हे, परंतु अपुरे आहे. त्याची पहिली पायवाट जर्मनीत पडली होती.

फ्रिट्झ लिकिंट या वैद्याने १९२९ मध्येच या संबंधाकडे आकडेवारीनिशी लक्ष वेधले. पुढे १९३९ साली कोलोन येथील फ्रान्झ हेर्मान म्युलर याने एक साधी पण नामी युक्ती योजिली. फुप्फुसांच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ८६ पुरुषांच्या नातलगांकडे त्याने प्रश्नावली पाठवून मृताच्या सवयी विचारल्या व त्याच वयाच्या ८६ निरोगी पुरुषांशी त्यांची तुलना केली. धूम्रपान न करणारे निरोगी गटात १४ निघाले, रुग्णांच्या गटात अवघे ३! कोणतेही यंत्र नाही, केवळ नीट विचारलेला प्रश्न.

१९४१ साली येना विद्यापीठात तंबाखूच्या धोक्यांच्या अभ्यासासाठी संस्था निघाली. तिला द्रव्य मिळाले ते हिटलरच्या कचेरीतून, आणि तिचा प्रमुख कार्ल आस्टेल हा वंशशुद्धीचा कट्टर पुरस्कर्ता होता. १९४३ मध्ये तेथील शायरर व श्योनिगर यांनी म्युलरचा निष्कर्ष दृढ केला. १९४५ मध्ये आस्टेलने आत्महत्या केली, संस्था संपली. सत्य मात्र त्या कुसंगतीने कलंकित होऊन राहिले. लिकिंट स्वतः नाझींच्या छळाचा बळी होता, तरीही तो विस्मृतीत गेलाच.

युद्धोत्तर जर्मनीत सिगारेट हेच चलन होऊन बसले होते. १९४८ साली नवे मार्क आले, तेव्हा कोठे ही स्थिती पालटली. ऊसमळ्यातून थकून परतणारे आपले आजोबा चिलमीत जो विसावा शोधीत, तोच या उद्ध्वस्त शहरांतील माणसेही शोधीत असतील, असे मला वाटते.

ज्या देशाने इतक्या लवकर जाणले, तो कायद्यात मात्र मागे राहिला. केंद्रीय कचेऱ्या व रेल्वेगाड्यांत धूम्रपानबंदी आली ती २००७ मध्ये, आणि त्याच वर्षी खरेदीची वयोमर्यादा १८ झाली. उपाहारगृहांचा प्रश्न प्रांतांवर सोपविला गेला, व त्यांनी पळवाटा ठेविल्या. अखेर बव्हेरियाच्या नागरिकांनीच ४ जुलै २०१० रोजी सार्वमत घेऊन सुमारे ६१ टक्के मतांनी कडक बंदी आणिली. रस्त्यावरील सिगारेटच्या जाहिरातफलकांवर बंदी येण्यास २०२२ साल उजाडले. म्युलरच्या त्या प्रश्नावलीला तोवर ८३ वर्षे लोटली होती.