बोल्ड केलं म्हणून कॉलम सरकत नाहीत

‘मोनोस्पेस फॉन्टमध्ये बोल्ड वापरू नका, कॉलम सरकतात.’ सगळ्या अक्षरांना सारखीच रुंदी देणाऱ्या फॉन्टांबद्दलचा हा सल्ला नवशिक्यांना सर्रास दिला जातो, आणि देणारे बहुतेक वेळा चांगले अनुभवी असतात. मोजून बघायचे कष्ट मात्र कुणी घेत नाही.

मोजणं अवघड नाही. हेल्वेटिका आणि कुरिअर या दोन्ही फॉन्टांच्या मापांच्या फायली अडोबीने कधीच खुल्या केल्या आहेत. फॉन्टाच्या आकाराचे हजार भाग धरले, तर हेल्वेटिकात स्मॉल ‘आय’ला २२२ भाग मिळतात आणि स्मॉल ‘एम’ला ८३३. बोल्डमध्ये हेच आकडे २७८ आणि ८८९ होतात. इथे ओळ लांबते, कबूल. पण मोनोस्पेस असलेला कुरिअर उघडा. ‘आय’ ६००, ‘एम’ ६००. कुरिअर बोल्ड? दोन्ही ६००च! सरकायला जागाच कुठे आहे?

मग वाढलेली जाडी जाते कुठे? आत. ‘एम’चे तीन दांडे तेवढ्याच चौकटीत कोंबायचे, म्हणून टाइप डिझायनर मधला दांडा बारीक करतो, काही फॉन्टांत आखूडही ठेवतो. ‘ई’च्या पोटातली पोकळी अरुंद होते आणि लहान आकारात बुजते. तेव्हा बोल्डबद्दल तक्रार करायचीच असेल तर ही करा: बारीक अक्षरातला अख्खा मजकूर बोल्ड केला की तो वाचवत नाही. चालू टॅब, एररची ओळ, निवडलेला पर्याय यांच्यासाठी मात्र मोनोस्पेस बोल्ड उत्तम, कारण शब्द ठळक झाला तरी शेजारचा शब्द जागचा हलत नाही.

तरीही कॉलम वाकडे दिसले, तर आधी बोल्डची फाइल आहे का ते बघा. ती नसेल तर एक तर नकली बोल्ड तयार होतं, नाही तर भलताच फॉन्ट येऊन बसतो. मॅकवरच्या मोनॅकोला स्वतंत्र बोल्ड नाहीच. दुसरं कारण आपल्या घरचं, कोडातली मराठी. बहुतेक मोनोस्पेस फॉन्टांत देवनागरी नसते, म्हणून संगणक ती दुसऱ्या फॉन्टातून उचलतो आणि त्या फॉन्टाला ही चौकट ठाऊक नसते. त्यात ‘क्षि’ म्हणजे युनिकोडच्या चार खुणा: क, पाय मोडल्याची खूण, ष आणि वेलांटी. टर्मिनलने त्याला घरं किती द्यायची? हा घोळ बोल्ड काढून मिटत नाही.

बाकीचे गैरसमज किरकोळ. मोनोस्पेस म्हणजे टाइपरायटरचा अवशेष? कुरिअर टाइपरायटरसाठीच घडला, पण २०२० मध्ये आलेला जेटब्रेन्स मोनो मुळात कोडसाठी काढलेला आहे. मोनोस्पेसमध्ये सारखी दिसणारी अक्षरं आपोआप वेगळी कळतात? कुरिअरमधला एकचा आकडा आणि स्मॉल ‘एल’ शेजारी ठेवून बघा, जवळजवळ जुळे आहेत. कन्सोलासच्या शून्यावर तिरकी रेघ आहे, कारण त्याचे डिझायनर लुकास दे ग्रूट यांनी ती काढली. सारख्या रुंदीशी तिचा संबंध नाही. आणि रकमांच्या कॉलमसाठी मोनोस्पेसच हवा, असंही नाही. हेल्वेटिकातले शून्य ते नऊ सगळे अंक ५५६ भागांचे आहेत, बोल्डमध्येसुद्धा.